विमानाचा दुसरा पंख गेला कुठे?

प्रश्न असा आलाय की पहिल्या महायुद्धातल्या विमानांना एकावर एक असे दोन-दोन, तीन-तीन पंख आणि मधे काठ्या-तारांचं जंजाळ, आणि १९३५ च्या आसपास बघावं तर सगळीकडे एकच पंख, ना तार ना काठी. हे ॲल्युमिनियम आलं म्हणून झालं, की इंजिनं दणकट झाली म्हणून? कॉलेजात म्हणे "इंजिन कमजोर होती म्हणून बायप्लेन (दोन पंखांचं विमान)" एवढ्या एका वाक्यात विषय संपवतात.

ते वाक्य चूक नाहीये, पण त्याने काही उलगडत नाही. इंजिन कमजोर म्हणजे विमान हळू उडणार, हळू उडायचं तर पंखाचं क्षेत्रफळ जास्त लागणार, इथपर्यंत ठीक. राइट बंधूंच्या १९०३ च्या फ्लायरला १२ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं आणि पंखावर दर चौरस मीटरला जेमतेम ७ किलो भार, १९३५ च्या डीसी-३ या प्रवासी विमानाला तोच आकडा १२० च्या वर गेला. पण मग मोठं क्षेत्रफळ एकाच पंखात का नाही दिलं? आणि इंजिनाचाच प्रश्न म्हणाल तर जर्मनीच्या युंकर्सचं जे-१ हे एका पंखाचं, बाहेर एकही तार नसलेलं विमान डिसेंबर १९१५ मध्ये १२० हॉर्सपॉवरवर उडालं, आणि १९३४ मध्ये पहिल्यांदा उडालेलं ब्रिटिशांचं ग्लॅडिएटर, त्याला पुढे ८०० च्या वर हॉर्सपॉवर मिळाली तरी ते शेवटपर्यंत बायप्लेनच राहिलं. धातूचंही तेच. लॉकहीड व्हेगा १९२७ ची, लाकडाची, तरी एक पंख आणि बाहेर तार नाही. उलट हॉकर फ्युरी धातूच्या सांगाड्याची, आणि बायप्लेन. म्हणजे दोन्ही सरळ उत्तरं इथेच बाद होतात.

मी स्ट्रेसच्या टेबलावर आयुष्य काढलेला माणूस, विंगच्या स्पारचे, म्हणजे पंखाच्या आत लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईचे, आकडे काढणं हेच काम, त्यामुळे उत्तर थोडं स्ट्रक्चरच्या बाजूला झुकेल, एरोवाल्यांनी सांभाळून घ्यावं. माझं म्हणणं एवढंच आहे की दुसरा पंख हा मुख्यतः स्ट्रक्चरला उंची मिळावी म्हणून होता. ती उंची एकाच जाड पंखाच्या पोटात मिळू शकली असती, पण जाड पंख वाईट असतो असं तेव्हाचे विंड टनेल (मॉडेलवर वारा सोडून तपासायचे बोगदे) सांगत होते, आणि ते तसं का सांगत होते हे कळायला आणि पटायला वीसेक वर्षं गेली.

सुरुवात पुलापासून करावी लागते. ऑक्टेव्ह शनूट हे रेल्वेचे पूल बांधणारे इंजिनिअर, कॅन्सस सिटीचा हॅनिबल पूल त्यांचाच, १८६९ चा. उडण्याचं वेड त्यांना आधीपासून होतं आणि साठी उलटल्यावर, १८९६ मध्ये, मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांनी ग्लायडर उडवून बघितले. त्यातल्या दोन पंखांच्या ग्लायडरला त्यांनी पुलाचा प्रॅट ट्रस जसाच्या तसा लावला: वरचा पंख आणि खालचा पंख म्हणजे ट्रसच्या वरच्या-खालच्या पट्ट्या, मधे उभ्या काठ्या दाब घेणार आणि तिरक्या तारा ताण घेणार. राइट बंधूंचा शनूटांशी पत्रव्यवहार १९०० पासून होता, त्यांनीही हीच रचना घेतली, आणि तिथून ती जगभर गेली.

ही रचना इतकी का चालली हे आकड्यांत बघा, एकदम स्पष्ट होतं. समजा पंखाच्या मुळाशी ३०,००० न्यूटन-मीटरचा बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, येतोय. बायप्लेनमध्ये दोन पंखांतलं अंतर दीड मीटर धरा, म्हणजे वर-खालच्या स्पारमध्ये येणारं बळ झालं ३०,००० भागिले १.५, म्हणजे २०,००० न्यूटन, साधारण दोन टन. लाकडाच्या बारीक स्पारला हे सहज झेपतं. आता दुसरा पंख काढून टाका, तारा काढून टाका, आणि तोच मोमेंट एका पातळ पंखातल्या १० सेंटिमीटर उंचीच्या स्पारवर घाला. बळ झालं तीन लाख न्यूटन, तीस टन! आता पंख जाड करा, स्पार ३० सेंटिमीटर उंच: दहा टन. जड आहे पण करता येतं. शिवाय वाकण्याचं बघितलं तर फ्लँजेस (स्पारच्या वर-खालच्या पट्ट्या) तेवढ्याच ठेवून उंची तिप्पट केली की कडकपणा नऊपट होतो. घर बांधणारा सुतार वासा आडवा न टाकता उभा टाकतो ते याचसाठी, त्याला कुणी फॉर्म्युला शिकवलेला नसतो.

थोडक्यात, हलकं स्ट्रक्चर हवं तर उंची हवी. ती तीन ठिकाणी मिळू शकते: दोन पंखांच्या मधे, पंखाच्या वर-खाली तारा ताणून, नाहीतर पंखाच्या जाडीत. पहिल्या दोन जागा हवेत उघड्या असतात आणि त्याची किंमत ड्रॅगमध्ये, म्हणजे हवेच्या विरोधात, मोजावी लागते. ती किती असते याची कल्पना लोकांना नसते. साधी गोल तार घ्या आणि तिच्या दहापट जाडीचा स्ट्रीमलाइन आकार घ्या, दोघांचा ड्रॅग साधारण सारखाच. ५ मिलिमीटरची तार आणि ५ सेंटिमीटर जाडीचा पंख! आणि अशा तारा एका विमानाला मीटरच्या मीटर. ब्रिटिशांनी म्हणूनच पुढे चपट्या, भिंगाच्या आकाराच्या तारा काढल्या, फरक पडला, पण आजार तोच राहिला.

दुसरी जागा, म्हणजे एक पातळ पंख आणि वर-खाली तारा, ही ब्लेरिओची. २५ जुलै १९०९ ला इंग्लिश खाडी ओलांडली ते विमान. फोटो नीट बघितलात तर पायलटच्या डोक्यावर एक खुंटा दिसेल आणि त्यातून दोन्ही पंखांकडे तारा गेलेल्या. त्या वरच्या तारा बघून वाटतं पंख जमिनीवर लोंबू नये म्हणून असतील, आणि बहुतेकांनी त्यांचा हिशोबही तेवढाच केला होता. पण विमान डाइव्हमध्ये (नाक खाली करून सूर मारण्यात) शिरताना वगैरे पंखावर वरून खाली बळ येतं, आणि तेव्हा सगळा भार त्या वरच्या तारांवर. पंख तुटायला लागले, १९१२ मध्ये स्वतः ब्लेरिओनेच फ्रेंच सरकारला हे लिहून कळवलं आणि फ्रेंच सैन्याने मोनोप्लेन, म्हणजे एका पंखाची विमानं, काही काळ थांबवली. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रिटिश रॉयल फ्लाइंग कोअरच्या मिलिटरी विंगनेही मोनोप्लेनवर बंदी घातली. बंदी फार टिकली नाही, पण "एक पंख म्हणजे धोका" हे डोक्यात बसलं ते बसलंच, विशेषतः ब्रिटनमध्ये. माझ्या मते बायप्लेन तिकडे एवढी वर्षं रेंगाळलं त्यात या भीतीचा वाटा मोठा आहे, हिशोबाचा नंतर.

मग तिसरी जागा, पंखाची जाडी, ती कुणी का नाही वापरली? इथे एरोडायनॅमिक्स येतं.

राइट बंधूंनी १९०१ च्या शरद ऋतूत डेटनला आपल्या सायकलच्या दुकानात एक लाकडी खोका बनवून विंड टनेल केला, साधारण ६ फूट लांब, आणि त्यात छोट्या-छोट्या पत्र्याच्या पंखांची दोनेकशे मॉडेल तपासली. काम इतकं चोख होतं की लिफ्ट (पंखाची उचल) काढायला तोपर्यंत सगळे वापरत होते तो स्मीटनचा गुणांक ०.००५ चुकीचा आहे, ०.००३३ च्या आसपास हवा, हे त्यांच्या ग्लायडरच्या अनुभवातून आणि या मोजमापांतून पक्कं झालं. पण मॉडेल केवढं? समजा ५ सेंटिमीटर रुंदी आणि १२ मीटर प्रति सेकंद वारा, तर रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे आकार, वेग आणि हवेची घनता-चिकटपणा यांतून निघणारा आकडा, येतो चाळीस हजार. खऱ्या पंखाचा येतो दहा-वीस लाख, युद्धातल्या विमानांचा पन्नास लाखांपर्यंत. आणि चाळीस हजाराला हवा वेगळीच वागते. जाड, गोल नाकाच्या सेक्शनवर (पंखाच्या छेदाच्या आकारावर) हवेचा थर लॅमिनार (शांत, पदरापदरांनी वाहणारा) राहतो, आळशी असतो, दाब जरा वाढायला लागला की पृष्ठभाग सोडून देतो, लिफ्ट कोसळते, ड्रॅग वाढतो. पातळ वाकवलेल्या पत्र्याला त्यामानाने हे कमी छळतं. म्हणजे छोट्या टनेलमध्ये पातळ पंख खरोखरच चांगला ठरतो, मोजमापात चूक काहीच नाही, फक्त ते मोजमाप माशीएवढ्या विमानासाठी बरोबर आहे. राइट बंधूंनंतर मोठमोठ्या सरकारी लॅब आल्या, त्यांचे टनेल मोठे होते पण एवढे मोठे नव्हते की हा प्रश्न सुटावा. पक्ष्यांचे पंखही पातळच दिसतात, जर्मन ग्लायडरवाल्या लिलिएंथालने त्यावरच सगळं उभं केलेलं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणही नव्हतं.

शंका आली ती ह्युगो युंकर्सला. हा माणूस मूळचा विमानवाला नव्हेच, देसाउमध्ये गॅसवर पाणी तापवायचे बंब बनवायचा कारखाना होता आणि आखेनला प्राध्यापकी. त्याचं १९१० चं पेटंट आहे, त्यात माणसं-सामान सगळं पंखाच्या पोटात घालायची कल्पना, म्हणजे पंख किती जाड धरला असेल बघा. त्याने स्वतःचा टनेल बांधून जाड सेक्शन तपासले आणि त्याला दिसलं की ड्रॅग लोक म्हणतात तेवढा वाढत नाही. मग जे-१. बंबाच्या कारखान्यातली माणसं, त्यांना पातळ लोखंडी पत्रा जोडायची सवय, तोच वापरला, बाहेरचा पत्रा ०.१ ते ०.२ मिलिमीटर. १२ डिसेंबर १९१५ ला डोबेरिट्झला उडालं. जर्मन सैनिकांनी नाव ठेवलं "पत्र्याचं गाढव", आणि ते वर चढायला गाढवासारखंच होतं, पण सरळ उड्डाणात वेग चांगला, तासाला १७० किलोमीटर. पुढे युंकर्स लोखंड सोडून ड्युराल्युमिनवर (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर) आला आणि जून १९१९ मध्ये एफ-१३ उडालं, पूर्ण धातूचं, एक पंख, बाहेर तार नाही, प्रवासी बंद केबिनमध्ये. १९१९! डीसी-३ च्या सोळा वर्षं आधी. फक्त त्याच्या अंगावरचा पत्रा पन्हाळीचा होता. पन्हाळी वाऱ्याच्या दिशेने असल्या तर फार बिघडत नाही असा त्याचा समज, पण बिघडतं, पृष्ठभाग वाढतो आणि हवा काही नेमकी पन्हाळीतूनच जात नाही.

युंकर्सला जे आतून वाटत होतं त्याला शास्त्राचा आधार जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या संशोधकांनी दिला. लुडविग प्रांटल यांनी सीमाथराची (पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराची) कल्पना १९०४ मध्ये मांडलेली, १९१८-१९ मध्ये त्यांची लिफ्टिंग लाइन थिअरी (पंखाच्या उचलीचं गणित) आली, आणि मधे १९१७ मध्ये तिथला मोठा टनेल सुरू झाला. त्यात जाड सेक्शन तपासल्यावर दिसलं की जास्त कोनातही ते लिफ्ट सोडत नाहीत. जाता जाता सांगतो, आपले डॉ. व्ही. एम. घाटगे, एचटी-२ ट्रेनरचे डिझायनर, ते याच प्रांटल यांचे विद्यार्थी, १९३० च्या दशकात गॉटिंगेनला डॉक्टरेट करून आले. एचटी-२ बंगळुरात १९५१ मध्ये उडालं ते धातूचं, एका पंखाचं, बाहेर तार नाही. मराठी माणसाचं नाव विमानाच्या इतिहासात शोधायचं तर इथे शोधा, कागदपत्रं आहेत, विमानही होतं.

गॉटिंगेनच्या जाड सेक्शनचा फायदा युद्धात उठवला जर्मनीतल्या विमान-कारखानदार फोकरने. त्याचा डिझाइनचा मुख्य माणूस राइनहोल्ड प्लाट्झ, मूळचा वेल्डर. डीआर-१ ट्रायप्लेन, जर्मन लढाऊ पायलट रिश्टहोफेनच्या लाल रंगामुळे सगळ्यांना माहीत आहे ते, त्याला तीन पंख असले तरी पंखांमधे तारा नाहीत हे किती जणांच्या लक्षात येतं? प्रत्येक पंख जाड, आत लाकडाचा बॉक्स स्पार, आपापला भार आपण घेणारा. पहिल्या नमुन्याला तर पंखांमधल्या काठ्याही नव्हत्या, त्या नंतर पंख फार हलतात म्हणून बसवल्या. आणि डी-७, १९१८ चं, जाड पंखामुळे मोठ्या कोनात हवा धरून ठेवायचं. नोव्हेंबर १९१८ च्या युद्धबंदीच्या अटींत विमानं द्यायच्या कलमात डी-७ चा वेगळा उल्लेख आहे. तरी डी-७ ला पंख दोनच होते, कारण स्ट्रक्चरची एक दुसरी अडचण तोपर्यंत कुणाला नीट कळलेली नव्हती.

ती अडचण म्हणजे पिळ. आतापर्यंत आपण वाकण्याचंच बोललो. बायप्लेनच्या तारांच्या पेटीचा एक मोठा गुण म्हणजे ती पिळालाही घट्ट असते, दोन पंख, पुढचे-मागचे स्पार, सगळीकडे तिरक्या तारा. पेटी मोडली की हा गुण जातो. जर्मन आल्बाट्रोस डी-३ चं बघा, १९१७ च्या सुरुवातीचं. पायलटला खाली दिसावं म्हणून फ्रेंच न्यूपोर्टची नक्कल करून खालचा पंख अरुंद केला, त्यात स्पार एकच, आणि तो बराच मागे. डाइव्हमध्ये खालचा पंख पिळायचा. २४ जानेवारी १९१७ ला खुद्द रिश्टहोफेनच्या विमानाचा खालचा पंख हवेतच तडकला, नशीब म्हणून उतरला. नंतरच्या डी-५ ला व्ही आकाराच्या काठीपासून खालच्या पंखाच्या पुढच्या कडेला एक बोटभर आडवी पट्टी दिसते, म्युझियममधल्या विमानावरही दिसते, लोक बघून पुढे जातात. ती पट्टी म्हणजे या पिळावरचं ठिगळ आहे.

आणि मग फोकर डी-८. ऑगस्ट १९१८, एकच पंख, डोक्यावर छत्रासारखा, जाड, लाकडी, वरून प्लायवूड. आल्या आल्या पंख तुटून अपघात झाले आणि विमान जमिनीवर बसवलं. का तुटले यावर दोन कहाण्या आहेत. चौकशीत निघालं ते खराब काम: गोंद नीट नाही, आत ओल, मापात चुका. फोकरची स्वतःची कहाणी वेगळी, तो म्हणतो सैन्याच्या नियमाप्रमाणे मागचा स्पार जास्त मजबूत करायला लावला आणि त्यानेच पंख तुटला. मजबूत केल्याने तुटला, हे ऐकायला विचित्र वाटतं पण मेकॅनिक्स बरोबर आहे. मागचा स्पार कडक, पुढचा त्यामानाने मऊ, म्हणजे भार आला की पुढचा स्पार जास्त वर उचलला जाणार, टोकाचं नाक वर जाणार, कोन वाढला की लिफ्ट वाढणार, लिफ्ट वाढली की आणखी पिळणार. एका वेगानंतर याला अंतच नाही. याला आपण टॉर्शनल डायव्हर्जन्स म्हणतो, आणि त्याचं गणित हान्स राइसनरने १९२६ मध्ये व्यवस्थित छापलं, म्हणजे अपघातानंतर आठ वर्षांनी.

आता तेव्हाची चाचणी कशी असायची बघा. विमान उलटं करून लाकडी घोड्यांवर ठेवायचं, पंखाच्या पोटावर वाळूच्या पिशव्या रचायच्या, ठरलेल्या पटीपर्यंत वजन चढवायचं, तुटलं नाही म्हणजे पास. चाचणी म्हणून उत्तम, आजही अंतिम भार देऊन पंख तोडून बघतातच, फक्त पिशव्यांच्या जागी हायड्रॉलिक जॅक आलेत. पण वाळूची पिशवी जिथे ठेवाल तिथे आणि तेवढीच राहते. पंख पिळला म्हणून वाळूचं वजन वाढत नाही. हवेचं वाढतं. त्यामुळे डायव्हर्ज होणारा पंख पिशव्यांखाली पास होऊ शकतो आणि डाइव्हमध्ये तुटू शकतो. फोकर म्हणतो त्याने पिशव्या चढवत असताना टोकाचं वाकणं मोजलं तेव्हा कोन वाढताना दिसला. म्हणजे तुटतंय का एवढंच न बघता कसं वाकतंय ते बघितलं.

दोन कहाण्यांतली खरी कुठली यावर इतिहासवाले भांडतात. मला स्ट्रेसवाला म्हणून हे भांडणच थोडं खोटं वाटतं. त्या पंखात पिळाला मुख्य विरोध प्लायवूडची त्वचा करत होती, आणि ती त्वचा आतल्या रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) आणि स्पारला गोंदाने चिकटलेली. गोंद सुटला की पिळाचा कडकपणाच गेला. मग तुम्ही म्हणा गोंदामुळे तुटला, मी म्हणतो पिळामुळे तुटला, पंख एकच आहे.

तर १९२० च्या आसपास परिस्थिती अशी होती की जर्मनीला जाड पंख कळलाय, बाकीच्यांना आकडे पटत नाहीत. इथे मॅक्स मुंक येतो, प्रांटल यांचाच विद्यार्थी, १९२० मध्ये अमेरिकेत एनएसीएकडे, म्हणजे नासाच्या आधीच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेकडे, गेला. शत्रूदेशाचा माणूस सरकारी नोकरीत घ्यायचा म्हणून राष्ट्राध्यक्षांची खास परवानगी काढावी लागली. त्याची कल्पना साधी होती: मॉडेल मोठं करता येत नाही, वारा फार वाढवता येत नाही, तर हवाच दाट करा. २० ॲटमॉस्फिअरला दाबली की घनता वीसपट, चिकटपणा जवळपास तोच, रेनॉल्ड्स नंबर वीसपट. त्यासाठी न्यूपोर्ट न्यूजच्या जहाजाच्या कारखान्यातून स्टीलची जाडजूड टाकी करून घेतली, बॉयलरसारखी रिव्हेट मारलेली, आणि १९२२ मध्ये एनएसीएच्या लँगली लॅबमध्ये व्हेरिएबल डेन्सिटी टनेल सुरू झाला. ती टाकी जपून ठेवलेली आहे, फोटो शोधून बघा, विज्ञानाचं उपकरण कमी आणि इंजिनशेडमधली वस्तू जास्त वाटते. यातून १९३३ मध्ये ७८ सेक्शनचा तो प्रसिद्ध रिपोर्ट निघाला, नंबर ४६०, चार आकडी नावं तिथलीच. सेस्ना १७२ चा २४१२ म्हणजे त्याच कुटुंबातला. आता डिझायनरला टेबलवर बसून दिसायला लागलं की १२ टक्के जाडी ठेवली तर काय, १५ ठेवली तर काय, आणि १५ टक्क्यांसाठी फार काही मोजावं लागत नाही.

जाडी मिळाली, आत जागा मिळाली, पण त्या जागेत काय घालायचं? लाकडाचा बॉक्स चालत होताच. धातूची गंमत अशी की ड्युराल्युमिन लाकडापेक्षा पाच-सहा पट जड, त्यामुळे त्याच वजनात पत्रा अगदी पातळ येतो, आणि पातळ पत्रा दाब आला की लगेच बकल होतो, म्हणजे चुरगळून बाहेर फुगतो. जुन्या विचाराप्रमाणे बकल झाला म्हणजे संपला. आडोल्फ रोरबाखने झेपेलिनच्या स्टाकेन कारखान्यात १९२० मध्येच चार इंजिनांचं, ३१ मीटर पंखांचं, गुळगुळीत पत्र्याचं प्रवासी विमान उडवलं होतं, त्यात पत्रा स्वतः भार घेत होता. १९२२ मध्ये दोस्तांच्या नियंत्रण आयोगाने ते मोडायला लावलं, नाहीतर कदाचित हा सगळा इतिहास दहा वर्षं आधी घडला असता. रोरबाखकडेच काम केलेला हर्बर्ट वाग्नर, त्याचा १९२९ चा पेपर मला या सगळ्या कथेतला सगळ्यात सुंदर वाटतो. त्याने दाखवलं की पातळ वेबच्या (मधल्या उभ्या पत्र्याच्या) तुळईवर शिअर (कातरणारा जोर) आला की पत्रा तिरक्या सुरकुत्यांत बकल होतो, पण संपत नाही. त्या सुरकुत्यांच्या दिशेने, साधारण ४५ अंशात, पत्रा ताण घ्यायला लागतो, आणि उभ्या पट्ट्या दाब घेतात. उभ्या काठ्या दाबात, तिरकं काहीतरी ताणात. ओळखीचं वाटतंय ना? शनूटांचा प्रॅट ट्रसच आहे तो. दुसरा पंख, काठ्या, तारा, सगळं जाऊन एका पत्र्यात बसलं. प्रत्यक्ष बघायचं असेल तर जमिनीवर उभ्या बी-५२ च्या पुढच्या अंगाचे फोटो बघा, बाजूचा पत्रा तिरक्या सुरकुत्यांनी भरलेला दिसतो, आणि लोक विचारतात हे विमान खराब झालंय का. नाही, ते काम करतंय. दाबाच्या बाजूचा असाच हिशोब फॉन कारमान, सेक्लर आणि डॉनेल यांनी १९३२ मध्ये दिला, बकल झालेल्या पत्र्याची स्ट्रिंगरजवळची (पत्र्याला आतून जोडलेल्या लांब पट्टीजवळची) किती रुंदी अजून भार घेते त्याचा. आजही हातहिशोबात आम्ही तेच वापरतो, कॉम्प्युटरने काहीतरी भलतंच सांगितलं की आधी हेच काढून बघतो.

बाकीच्या गोष्टी भराभर झाल्या. केंब्रिजच्या मेलव्हिल जोन्सने १९२९ मध्ये हिशोब मांडला की चांगलं स्ट्रीमलाइन विमान किती पॉवरमध्ये उडायला हवं आणि आपली विमानं किती खातात, आणि तो आलेख बघून डिझायनरांना लाज वाटली असणार. त्याच सुमाराला एनएसीएच्या फ्रेड वाइकने रेडियल (सिलिंडर गोलात मांडलेल्या) इंजिनावर काउलिंग, म्हणजे गोल झाकण, चढवलं, कर्टिस हॉकचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ वर गेला, फक्त पत्र्याच्या एका कड्यामुळे. तारा काढण्याचा फायदा आता खराखुरा पैशात दिसायला लागला. आणि ३१ मार्च १९३१ ला कॅन्ससमध्ये फोकर एफ-१० चा लाकडी पंख हवेत तुटला, आठ जण गेले, त्यात अमेरिकन फुटबॉलचा प्रसिद्ध कोच नूट रॉकनी होता, त्यामुळे गदारोळ झाला आणि अमेरिकेत लाकडी पंखाचं प्रवासी विमान विकणं अवघड होऊन बसलं. धातू जिंकला त्यात हेही आलं. तांत्रिकदृष्ट्या लाकूड हरलं होतं असं मी म्हणणार नाही, ब्रिटिशांचं मॉस्किटो बॉम्बर १९४० मध्ये उडालं ते लाकडाचंच. मग नॉर्थ्रॉपच्या अनेक कप्प्यांच्या पंखाची कल्पना घेऊन डग्लसची डीसी मालिका आली, डिसेंबर १९३५ मध्ये डीसी-३, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

एक मात्र सांगायला हवं, टनेलने दुसऱ्यांदाही फसवलं, आणि यावेळी उलट्या बाजूने. ब्रिटिश लढाऊ विमान हॉकर हरिकेनचा पंख मुळाशी १९ टक्के जाड, कारण ब्रिटिश टनेलचे आकडे सांगत होते की २० टक्क्यांपर्यंत ड्रॅगला फारसा फरक पडत नाही. त्या टनेलमध्ये हवेत टर्ब्युलन्स (खळबळ) इतका होता की पातळ सेक्शनचा फायदा दिसतच नव्हता. स्पिटफायरवाल्यांनी ऐकलं नाही, मुळाशी १३ टक्के आणि टोकाकडे आणखी पातळ. त्यासाठी स्पार करायला घाम गाळावा लागला, एकात एक बसणाऱ्या चौकोनी नळ्या, टोकाकडे जाताना एकेक कमी होत जाणाऱ्या, आणि पुढच्या कडेला जाड पत्र्याचा डी आकाराचा बॉक्स, पिळासाठी. हॉकरने पुढच्या टायफूनमध्येही जाड पंखच ठेवला, आणि जास्त वेगाला कॉम्प्रेसिबिलिटीने (आवाजाच्या वेगाजवळ हवा दाबली जाण्याने) तो अडकला, म्हणून त्याच विमानाला पातळ पंख लावून टेम्पेस्ट काढलं. लँगलीच्या त्या दाबाच्या टाकीतही टर्ब्युलन्स जास्तच होता, म्हणून तर एनएसीएला नंतर कमी टर्ब्युलन्सचा वेगळा टनेल बांधावा लागला.

यावर प्रोजेक्ट करायचा असेल तर जुने एनएसीए रिपोर्ट नासाच्या साइटवर फुकट आहेत, स्कॅन बरे आहेत. वाचताना पहिल्यांदा रेनॉल्ड्स नंबर शोधा, दिला नसेल तर रुंदी आणि वेगावरून स्वतः काढा, तो लाखाच्या आत असेल तर त्या आलेखावरून जाड-पातळ अशी तुलना करू नका. जुन्या ब्रिटिश रिपोर्टमध्ये लिफ्टचा गुणांक आजच्या निम्मा असतो, कारण ते सूत्रात अर्धा धरत नसत, तेव्हा दुप्पट करून घ्यायचा. गॉटिंगेनच्या तक्त्यांत आकडे शंभरपट करून छापलेले असतात. हे न बघता तीन देशांचे आकडे एका एक्सेलमध्ये टाकून "ब्रिटिश पंख जर्मनांच्या निम्म्या ताकदीचे होते" असा निष्कर्ष काढलेला रिपोर्ट माझ्या टेबलवर आलेला आहे.